बुधवारच्या आधीचा रविवार

आमच्या सासूबाईंना कुठलीही गोष्ट एकदाच सांगावी लागते, आणि आपण ती का सांगितली याचा विचार मात्र पुढे महिनाभर करत बसावं लागतं. फ्राऊ लिंडिग यंदा वाढदिवस करणार नाहीत, एवढंच मी बोलून गेले. सासूबाई फरसबी मोडत होत्या. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"का म्हणून?"

"मार्चमध्ये हात मोडला होता ना त्यांचा. प्लास्टर निघालं, पण मनगटात जोर नाही. केक कोण करणार?"

"वाढदिवस तिचा, आणि केकही तिनेच करायचा?"

"इथे तसंच असतं, आई. ज्याचा वाढदिवस त्यानेच लोकांना बोलवायचं, त्यानेच भाजायचं, वाढायचं, आणि सगळे गेले की भांडीही त्यानेच घासायची."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "मग यंदा आपण करू."

झालं. त्यांनी एकदा 'आपण करू' म्हटलं की त्यातलं 'आपण' म्हणजे मी, हे लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मला कोणी समजावून सांगायला नको. पण खरं सांगते, या वेळी माझीही ना नव्हती.

फ्राऊ लिंडिग आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. जर्मनीतल्या या येनामध्ये निम्मं गाव या ना त्या रीतीने भिंगांवर पोट भरतं. माझा नवरा चंद्रशेखर आज भरतो, लिंडिगबाईंनी चाळीस वर्षं भरलं. प्रयोगशाळेत भिंगांची मापं तपासायच्या. त्यामुळे त्यांच्या घरात चमचासुद्धा वाकडा ठेवलेला चालत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हाम्बुर्गला. आणि माझ्या मुलांना आजी म्हणून रोजच्या रोज मिळाली ती हीच बाई.

माझ्या धाकट्या अन्वीच्या वेळची गोष्ट सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. ती झाली तेव्हा सगळं जग कुलूप लावून बसलेलं. विमानं बंद, सासूबाई पुण्यात अडकलेल्या, आणि अन्वीबाईंना घाई. पाच आठवडे आधीच आल्या. घरात एक झबलं नाही. का नाही? तर सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी सुतळीचा तोडासुद्धा आणायचा नाही. आपल्याकडे आणतच नाहीत. मी आणला नाही. इकडची सुईण फोनवर माझ्यावर अशी करवादली की बस. दुकानं बंद, मी दवाखान्यात, चंद्रशेखर छोट्या विहानला काखेत मारून रिकाम्या कपाटासमोर उभा.

तेव्हा लिंडिगबाईंनी दार वाजवलं, जिन्यात एक खोका ठेवला आणि चार पायऱ्या मागे सरकून उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाचे बाळपणीचे कपडे. माळ्यावरून काढलेले, उकळलेले, बाह्यांना सुद्धा इस्त्री केलेली. तुमच्याकडे काहीच कसं नाही, असं त्यांनी विचारलं. चंद्रशेखरने खाली मान घालून सांगितलं, आमच्यात आधी आणत नाहीत. यावर कोणीही जर्मन माणूस निदान भुवया तरी उडवील. बाई म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे बरोबरच आहे. आणि खाली निघून गेल्या. आम्हाला वाटलं, सभ्य आहेत बिचाऱ्या.

अन्वीच्या अंगात पहिलं झबलं गेलं ते त्या खोक्यातलं. सासूबाईंना हे माहीत होतं, आणि तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास: त्या बाईला एकदा माझ्या हाताने ओवाळायचंय. मागच्या खेपेला आल्या तर लिंडिगबाई नेमक्या मुलाकडे. यंदा तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींचं असं मेतकूट जमलं की विचारू नका. ही मराठीत बोलणार, ती जर्मनमध्ये, आणि दोघी एकमेकींना उत्तरं देणार. डॉक्टरने कॉफी बंद केल्यामुळे लिंडिगबाई सासूबाईंच्या आल्याच्या चहाला लागल्या. त्या बदल्यात सासूबाई त्यांच्या ओट्यापाशी उभ्या राहून ट्रेमध्ये भाजायचा पसरट केक शिकल्या. एक जण एका हाताने दाखवतेय, दुसरी मळतेय. मी दारातून बघून परत यायची.

पण सासूबाईंचे गुडघे. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एवढा लांबचा प्रवास आता हा शेवटचा समजा. म्हणजे ओवाळायचं ते याच खेपेला.

आता अडचण बघा. लिंडिगबाईंचा वाढदिवस अठरा जूनला, बुधवारी. सासूबाईंचं विमान मंगळवारी. तिकीट पुढे ढकलता येईना, कारण गुरुवारी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि सासूबाई शेजारी नसल्या तर ते डॉक्टरला डोळ्याला हात लावू देणार नाहीत. मी म्हटलं, मग रविवारी करू. त्यात काय एवढं? आपल्याकडे वाढदिवस सोयीच्या रविवारी सरकतोच की. कोणाला बोलवायचं तर सुट्टीचा वार बघतात, तारीख कोण बघतंय. शिवाय माझं ऑफिस पुण्यात आणि मी येनात जेवणाच्या टेबलावर. माझ्या टीममधले सगळे बाणेरला बसतात. जर्मन माणसाचा वाढदिवस म्हणून मी पाहिला तो फक्त लिंडिगबाईंचा, आणि तोही नेहमी ज्या त्या दिवशी.

त्यांना आधी कळू द्यायचं नाही असंही मीच ठरवलं. जिन्यात गाठून सांगितलं, रविवारी तीन वाजता या, आई चालल्यात, त्यांच्या निरोपाचा चहा आहे. चंद्रशेखर शेजारीच उभा होता. त्यालाही तेच खरं वाटलं. त्याला वेगळं सांगायचं माझ्या डोक्यातून गेलं, आणि तोही एरवी घरात काय शिजतंय ते ताट समोर आल्यावर बघणारा.

शनिवारी सासूबाईंनी केक करायला घेतला. राबार्बर म्हणून इकडे लाल देठांची एक आंबट भाजी मिळते, तिचे तुकडे खाली, वर लोण्या-साखरेचा भुरभुरीत चुरा. अंडं न घालता, यीस्टवर फुगवलेला. सगळं लिंडिगबाईंच्या पद्धतीने, फक्त चुऱ्यात वेलची. "एवढी आपली सही," म्हणाल्या. गंमत म्हणजे त्या दिवशी संकष्टी. केक करणारीला चव बघता येईना. विहान आणि अन्वी आळीपाळीने चाखून आंबट-गोड सांगत होते आणि दोघांचं एकदाही जमलं नाही. मधेच कचरा टाकायला सासूबाई खाली गेल्या तर जिन्यात लिंडिगबाईंनी बिस्किटाचा डबा पुढे केला. सासूबाईंनी हात जोडले आणि वर आभाळाकडे बोट दाखवून चंद्र काढून दाखवला. जूनमध्ये इथला चंद्र उगवेपर्यंत माणूस झोपून जातो, म्हणून त्या उपास पुण्याच्या चंद्रोदयाने सोडतात. गणपतीची हरकत नसावी.

रविवारी दुपारी मी टेबल मांडलं. पांढरा टेबलक्लॉथ, फेटलेलं क्रीम, किटलीवर टोपी, नारळाच्या वड्या, मधोमध केक. अन्वीने आठवडाभर खपून पताका केली होती: ७९, आणि खाली जर्मनमध्ये शुभेच्छा. सासूबाईंनी तबक तयार केलं. निरांजन, सुपारी, अक्षता, स्वतःच्या बोटातली अंगठी. मी हळूच विचारलं, "आई, त्यांना कुंकू लावायचं? म्हणजे नवरा नाही त्यांचा…"

"ऐंशीत पाऊल टाकणाऱ्या बाईला कुंकू लावायला मी कोणाची परवानगी काढायची गं?" सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

चंद्रशेखर विहानची फुटबॉल मॅच आटपून घरात शिरला, त्याने पताका पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मीनल, हे काय केलंस? इकडे वाढदिवसाच्या आधी…"

बेल वाजली. जर्मन माणूस तीनला बोलावला की तीनला येतो, तुमचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत नाही.

लिंडिगबाई आत आल्या, हातात सासूबाईंसाठी फुलं. अन्वीने लगेच गाणं सुरू केलं. बाईंनी पताका वाचली आणि त्या दारातच थांबल्या.

"नाइन. नाही," त्या म्हणाल्या. "नॉख निश्त. अजून नाही. कृपा करून अजून नाही."

अन्वी गाता गाता गप्प झाली.

मग बाईंनी आम्हाला सांगितलं, उभ्याउभ्याच. त्यांच्या नवऱ्याला पासष्टावं लागणार होतं. वाढदिवसाच्या दिवशी सुट्टी होती, म्हणून कारखान्यातल्या मित्रांनी दोन दिवस आधीच ग्लास उंचावून शुभेच्छा दिल्या. तो हसून म्हणाला होता, वेडेपणा आहे, काही होत नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गेला. हृदय बंद पडलं. "मी आयुष्यभर मोजमापाचं काम केलं," लिंडिगबाई म्हणाल्या. "याचा त्याच्याशी संबंध नाही, हे मला कळतं. पण मी नाही घेऊ शकत. माफ करा." आणि त्या परत जायला वळल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नऊ वर्षं झाली या देशात, आणि वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं इथे अशुभ, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नसावी. आभार मानायला बोलावलं आणि बाईच्या वर्मावर बोट ठेवलं. स्वतःचाच असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून आणखी राग आला.

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. सगळं, नवऱ्यासकट. मला वाटलं, आता यांचा जीव खट्टू होणार. एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट, आणि विमान मंगळवारी.

सासूबाई म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे."

"अहो आई, पण…"

"पण नाही आणि बिण नाही. पदरात पडल्याशिवाय बोलू नये. मी तुला झबलं आणू दिलं नव्हतं, तेव्हा ती मला हसली होती का? उतरव ती पताका."

पताका त्यांनीच उतरवली, घडी घालून अन्वीच्या हातात दिली. तबक उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं. मग लिंडिगबाईंचा चांगला हात धरला, त्यांना खुर्चीपर्यंत आणलं आणि म्हणाल्या, "चहा. नुसता चहा." हे दोन शब्द लिंडिगबाईंना येत होते.

त्या बसल्या. मी चहा ओतला. केक कापला, पण कशासाठी ते कोणी बोललं नाही. लिंडिगबाईंनी एक घास घेतला, थांबल्या, सासूबाईंकडे पाहून म्हणाल्या, "कार्डमॉम." सासूबाईंनी मान डोलावली. एरवी यावर दोघी खिदळल्या असत्या. सासूबाई बशीतली वडी इकडून तिकडे सरकवत होत्या.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "चंद्रू, तिला विचार, जन्म किती वाजताचा? मी पुण्यात तिच्या नावाने देवापुढे दिवा लावीन. तारखेचं मला कळत नाही, तिथी काढून दे."

चंद्रशेखरने विचारलं. लिंडिगबाई म्हणाल्या, पहाटे, कारखान्याचा सकाळचा भोंगा व्हायच्या आधी. आई नेहमी सांगायची, भोंग्याने तू दचकून रडलीस. सन सेहेचाळीस. विहानने बापाच्या हातातून फोन घेतला आणि पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये सगळं भरलं. त्याला मराठी वाचायला कंटाळा, म्हणून फोन माझ्यापुढे केला.

"ज्येष्ठ वद्य चतुर्थी," मी वाचलं.

सासूबाईंची वडी सरकायची थांबली. "परत वाच."

"ज्येष्ठ वद्य चतुर्थी."

"अगं, मग ती आजच की." त्या उठून उभ्याच राहिल्या, गुडघे विसरून. "चतुर्थी काल दुपारी लागली, म्हणून चंद्र बघून संकष्टी काल झाली. पण वाढदिवस सूर्योदयाच्या तिथीने धरतात, आणि आज सूर्योदयाला चतुर्थीच होती. सांग तिला. आधी नाही म्हणावं. आज."

मी सांगायला गेले आणि माझी जर्मन घसरली. तेव्हा चंद्रशेखर पुढे झाला. त्याला लग्नापासून एवढं नीट बोलताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाला, आमच्याकडे दिवस चंद्रावर मोजतात. सूर्य आणि चंद्र यांच्यात एक कोन असतो. त्या महिन्यात, तुमच्या जन्माच्या पहाटे तो जेवढा होता, तेवढाच आज पहाटे होता.

कोन म्हटल्यावर लिंडिगबाईंनी चष्मा सारखा केला. "तेवढाच? किती अंशांच्या फरकाने?"

"बारा अंशांच्या आत."

"बारा अंश?" बाईंनी काटा खाली ठेवला. "आल्झो, आमच्याकडे एवढ्या फरकाला माणसाला घरी पाठवलं असतं."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग सासूबाईंकडे वळून मला म्हणाल्या, "त्यांना विचार. मला बरं वाटावं म्हणून सांगताहेत का?"

मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या हिशोबात मी खोटं बोलत नाही. आज तिथी नसती तर दिवा पुण्यातच लावला असता." आणि त्यांनी कालच्यासारखे हात जोडले, आभाळाकडे बोट केलं, चंद्र काढून दाखवला. लिंडिगबाईंना काल नाकारलेलं बिस्किट आठवलं. ते तर पताका बघायच्या आधीचं होतं, म्हणजे चंद्राचा हिशोब आज जुळवलेला नव्हता. त्या हळूहळू उठल्या आणि दाराबाहेर गेल्या. जिन्यात त्यांची पावलं खाली जाताना ऐकू आली.

"गेली," सासूबाई म्हणाल्या. "जाऊ दे. जबरदस्ती नाही करायची."

अन्वीने पताका मांडीवर घेतली होती.

मग पावलं वर आली. लिंडिगबाई दारात उभ्या होत्या. ब्लाऊज बदललेला, पांढरा, गळ्याशी पिन, केस विंचरलेले. हातातल्या टोपलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले त्यांचे कप. जुन्या बायकांकडे असतात तसे, एकासारखा दुसरा नाही. प्रत्येक कप कोणीतरी कधीतरी भेट दिलेला. त्यांनी आमचे कप बाजूला सारले आणि आपले मांडले.

"वाढदिवस माझा असेल," त्या म्हणाल्या, "तर यजमान मी. मग कप माझे."

चंद्रशेखरने फोनवर दिशा बघून खुर्ची पूर्वेला फिरवली. सासूबाईंनी तबक आणलं. कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, अंगठी आणि सुपारी फिरवून निरांजन ओवाळलं. ओवाळता ओवाळता त्या बोलत होत्या, मराठीतच. म्हणाल्या, माझ्या नातीला पहिलं झबलं तू घातलंस बाई. मी तिकडे खिडकीत बसून रडत होते, आणि तू इकडे इस्त्री करत होतीस. माझ्या जागी उभी राहिलीस. हे ऋण माझ्याच्याने फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही. असू दे माझ्या अंगावर.

मी भाषांतर करायला हवं होतं. मी निरांजनाकडेच बघत राहिले. शेवटी अन्वीने जबाबदारी घेतली आणि एवढ्या सगळ्याचं जर्मन केलं, नुसता धन्यवाद: "आजी म्हणतेय, डांके."

"हो," लिंडिगबाई म्हणाल्या. "तेवढं मला समजलं." आणि त्यांनी सासूबाईंना तबकासकट मिठीत घेतलं. चंद्रशेखरने कसंबसं निरांजन सोडवलं, नाहीतर पांढरा ब्लाऊज गेलाच होता.

मग चहा परत झाला, खरा चहा, त्यांच्या कपांतून. पताका पुन्हा लागली. लिंडिगबाई यजमान असल्यामुळे मला खुर्चीवरून हलू देईनात. एका हाताने सगळ्यांना वाढत होत्या. केक आणखी एकदा खाल्ला आणि म्हणाल्या, वेलची राहू दे. त्यांच्या तोंडून हे निघणं म्हणजे काय, ते ज्याने त्यांचं स्वयंपाकघर पाहिलंय त्यालाच कळेल.

विहान अजून फोनमध्येच. "पुढच्या वर्षी ही चतुर्थी येते," त्याने जर्मनमध्ये सुरुवात केली, "जुलै…"

"नाइन," लिंडिगबाई म्हणाल्या.

"गप रे," सासूबाई म्हणाल्या.

दोघी एकाच वेळी. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. विहानने निमूटपणे फोन पालथा घातला, आणि लिंडिगबाईंनी त्याच्या बशीत आणखी एक तुकडा ठेवला.

मंगळवारी टॅक्सी आली तेव्हा लिंडिगबाई जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. सासूबाईंच्या हातातल्या पिशवीत स्वेटरमध्ये गुंडाळलेला एक कप होता, निळ्या फुलांचा. रविवारी तो त्यांच्यापुढे ठेवला होता आणि परत घ्यायला बाईंनी साफ नकार दिला होता. सासूबाई एकेक पायरी उतरत खाली पोचल्या, गुडघ्याला हात लावून थोडं थांबल्या, आणि आपल्याकडे म्हणतात तसंच म्हणाल्या, "येते हं."

अन्वीने सांगून टाकलं, "आजी म्हणतेय, ती येते."

लिंडिगबाईंनी विचारलं, "कधी?"

डॉक्टर काय म्हणालेत ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, लिंडिगबाईंनाही. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. लिंडिगबाई म्हणाल्या, "गेनाऊ," आणि त्यांनी टॅक्सीचं दार उघडून धरलं.